मिठीच्या पाण्यातले शिकारी

मुंबईत कुर्ल्याला मिठी नदी पाहिलीत ना? विहार आणि पवई तलावांचं वाहून जाणारं पाणी घेऊन ती निघते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत तिच्यात इतकं सांडपाणी शिरतं की आपण नाक दाबून पुढे पळतो. पण शास्त्रज्ञ नेमके अशाच पाण्यात औषध शोधतात! कारण जिथे जीवाणू खूप, तिथे त्यांची शिकार करणारे विषाणूही खूप. त्यांचं नाव बॅक्टेरियोफेज, थोडक्यात फेज.

‘टी-४’ नावाचा फेज बघा. डोकं, शेपटी आणि सहा लांब पाय. अगदी चंद्रावर उतरणारं यानच! पण उंची इतकी कमी, की एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे पाच हजार फेज एकावर एक उभे राहतील. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जीवाणूवर तो उतरतो, पाय रोवतो आणि आपला डीएनए आत सोडतो. अर्ध्या तासात आत शंभराहून जास्त नवे फेज तयार होतात आणि फट्! जीवाणू फुटतो.

गंमत म्हणजे प्रत्येक फेजचं सावज ठरलेलं असतं. अँटिबायोटिक पोटातले चांगले जीवाणूही मारतं, फेज त्यांच्या वाटेला जात नाही.

पाण्यात जंतू मारणारं काहीतरी असतं, हे आपल्या देशात फार आधी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. 1896 मध्ये आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन या शास्त्रज्ञांनी पाहिलं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात. आधी उकळून घेतलेल्या पाण्यात मात्र मरत नाहीत. पुढे फेलिक्स द’एरेल या शास्त्रज्ञांनी 1917 मध्ये फेजचा शोध जाहीर केला. 1919 मध्ये पॅरिसमध्ये हगवणीने आजारी असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्यांनी फेज पाजले. आधी स्वतः पिऊन पाहिले बरं का! मुलगा बरा झाला.

मग सगळीकडे हेच औषध का नाही? कारण नेमका शिकारी शोधावा लागतो. ढाक्यात जुलाब झालेल्या मुलांना फेज दिले, तेव्हा अपाय झाला नाही, पण जुलाबही लवकर थांबले नाहीत. बऱ्याच मुलांच्या पोटात ते ठरावीक सावजच फारसं नव्हतं.

म्हणून अजून संशोधन चालू आहे. तोवर मिठीच्या पाण्याला हात लावू नका, आणि जुलाब झाले तर ओआरएस पीत डॉक्टरांकडे जा.