स्लेट नव्हे, खालचं लाकूड हललेलं असतं

पूल टेबलावर हळू मारलेला चेंडू पॉकेटच्या तोंडाशी येता येता बाजूला कलला, की खेळणारे लगेच निदान करतात: स्लेट खराब झाली. मग ती घासून सपाट करायचा सल्ला कुणीतरी देतो. हा सल्ला मुळीच ऐकू नये. कापडाखालची स्लेट म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचाच दगड. चिखलाचे थर कोट्यवधी वर्षं दाबले गेले, तापले आणि त्यांचा हा दगड झाला. तो पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे पावसाळ्यात फुगत नाही की उन्हाळ्यात आक्रसत नाही. लाकडी फळीचा नेमका हाच त्रास होता, म्हणून तर १८२६ च्या सुमारास लंडनमध्ये जॉन थर्स्टन यांनी बिलियर्ड टेबलावर स्लेट बसवायला सुरुवात केली.

पण दगड बसतो कशावर? लाकडाच्या चौकटीवर. आणि कोकणात चौकट स्वस्थ बसत नाही.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या एखाद्या गाळ्यात टेबल मांडलंय असं समजा. इथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात साधारण १२ टक्के ओलावा मुरतो, ८५ टक्के आर्द्रतेत १७ टक्क्यांच्या आसपास. सागासारखं गुणी लाकूड घेतलं तरी एवढ्या फरकाने १५० मिलिमीटर रुंदीची फळी सव्वा ते दीड मिलिमीटर फुगू शकते. लांबीत मात्र ती जवळजवळ बदलत नाही. रेषांच्या आडवं फुगायचं आणि रेषांच्या दिशेने नाही, या स्वभावामुळेच चौकट पिळवटते. त्यात जमीन भरावाची असली तर एखादा पाय खचतो, ते वेगळंच.

एक मिलिमीटरने असा काय फरक पडतो? हिशेब करून पाहू. टेबल आडव्या दिशेने मीटरला एक मिलिमीटर कललंय आणि चेंडू १.२ मीटर जाऊन थांबेल इतक्याच जोराने मारलाय. कापडाचा नेहमीचा रोध धरला तर तो सुमारे ५ सेकंद घरंगळतो आणि तेवढ्यात बाजूला चार सेंटिमीटर सरकतो. चेंडूचा व्यासच ५७ मिलिमीटर. म्हणजे नेम चुकलाच. जोरात मारलेला चेंडू तेच अंतर क्षणात कापतो, त्याला कलायला वेळच मिळत नाही. म्हणून टेबलाची परीक्षा नेहमी हळू चेंडूने करावी.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला फार आवडते. चेंडूचं हे सरकणं कापडाच्या रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतं. कापड लोकरीचं, लोकर दमट हवेत पाणी शोषते आणि चेंडू जड चालतो. म्हणजे पावसाळ्यात उतार झाकला जातो! कार्तिकात कापड सुकलं, चेंडू पळू लागला, की तोच उतार उघडा पडतो. नवं, गुळगुळीत कापड चढवल्यावर ‘टेबल बिघडलं’ अशी तक्रार येते, तिचंही बहुधा हेच कारण असतं.

आता दुरुस्ती. मोठ्या टेबलाची स्लेट सहसा तीन तुकड्यांत येते. इंचभर जाडीच्या स्लेटचं वजन चौरस मीटरला ७० किलोच्या घरात, त्यामुळे एकट्याने हात घालू नये. कुशन आणि कापड उतरवायचं, सांध्यातलं जुनं मेण खरवडायचं, स्क्रू सैल करायचे. आधी मधला तुकडा पातळीत आणायचा, मग त्याला धरून दोन्ही टोकांचे. गवंड्याची पाणसळ इथे पुरत नाही, मीटरला ०.०२ मिलिमीटरचा फरक दाखवणारी, यंत्रं बसवताना वापरतात ती लेव्हल हवी. स्पर्धेच्या टेबलाच्या नियमांनुसार दोन तुकड्यांच्या कडांत ०.१२७ मिलिमीटरहून जास्त उंचसखलपणा चालत नाही. खेळायच्या पत्त्याची जाडी ०.३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या पत्त्याएवढीही सूट नाही. सरळ पोलादी पट्टी सांध्यावर आडवी ठेवून खाली फिलर गेजचं पातं सरकवलं की फरक कळतो. बोटीच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट लावणाऱ्या मेकॅनिकच्या पेटीत हा गेज असतोच.

तुकडा उचलायचा तो चौकट आणि स्लेट यांच्यामध्ये लाकडाच्या पातळ पाचरी सारून. पाचर सांध्याजवळ आणि स्क्रूशेजारी हवी. आधार नसलेल्या जागी स्क्रू आवळला तर दगड वाकतो, कधी तडकतोही. स्क्रू आवळून झाल्यावर लेव्हल पुन्हा लावायची, कारण आवळतानाच पातळी हलते. मग सांध्यात मधमाशांचं मेण वितळवून ओतायचं आणि थंड झाल्यावर पात्याने सपाट तासायचं. मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, म्हणजे कोकणातल्या उन्हाळ्याला ते पुरून उरतं. पुढच्या खेपेला ते सहज निघतंही. दमट हवेत प्लास्टर मात्र वापरू नये, ते भुसभुशीत होतं.

हे काम ऐन श्रावणात काढलं तर फुगलेल्या चौकटीवर पातळी साधली जाईल आणि पौषात ती हमखास हलेल. दिवाळीनंतर, हवा कोरडी होऊन लाकूड स्थिरावल्यावर करावं, आणि महिनाभराने लेव्हल पुन्हा एकदा लावून पाहावी.