पेनड्राइव्ह लावण्याआधी ठसा जुळवा

आज आपण गटाच्या संगणकाबद्दल बोलणार आहोत.

बऱ्याच ग्रामसंघांच्या खोलीत एखादा जुना संगणक असतो. त्यात काय काय असतं, आठवून पाहा. बचतीचा आणि कर्जाचा हिशेब, सभासदांच्या आधार कार्डांचे फोटो, पासबुकाची पानं. कुणी त्यावरून बँकेचं काम करत असेल, तर पासवर्डही तिथेच टाइप होतो. म्हणजे ही आपली दुसरी कॅशपेटीच झाली.

अशा जुन्या संगणकांत पुष्कळदा विंडोज १० असतं. त्याला कंपनीकडून नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. नवं विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. मग कुणी तरी सुचवतं, "ताई, लिनक्स टाका." सल्ला चांगला आहे. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. आज उबंटू, मिंट, डेबियन असे त्याचे अनेक प्रकार फुकट मिळतात. मराठी लिहिता येतं, हिशेबाचे तक्ते करता येतात.

पण लिनक्स आपल्यापर्यंत येतं ते एका मोठ्या फाइलच्या रूपात. तिला आयएसओ किंवा इमेज म्हणतात. मिंटची फाइल साधारण ३ जीबीची असते. ती इंटरनेटवरून उतरवायची, पेनड्राइव्हवर चढवायची आणि त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा. इथे प्रश्न येतो, की हातात आलेली फाइल खरी कशावरून?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळात चोर शिरले. तिथली फाइल उतरवण्याची लिंक त्यांनी बदलली आणि लोकांना बनावट मिंटकडे वळवलं. आवृत्ती होती मिंट १७.३ सिनॅमन. दिसायला तेच मिंट, पण आत चोरदरवाजा बसवलेला. बाहेरच्या माणसाला त्यातून संगणकाचा ताबा घेता येत होता. मिंटचे संस्थापक क्लेमेंट लेफेब्र यांनी लगेच लोकांना सावध केलं. फाइल जुळवून पाहा, बनावट असेल तर फेकून द्या, संगणक इंटरनेटपासून तोडा आणि पासवर्ड बदला, असं त्यांनी सांगितलं. बघा, लोक योग्य दुकानात गेले होते, तरी माल खोटा निघाला. म्हणून "मी अधिकृत साइटवरूनच घेतलं" एवढ्यावर थांबून चालत नाही.

बियाण्याची पिशवी घेताना आपण शिवण बघतो, प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी बघतो. फाइललाही अशाच दोन खुणा असतात. एक ठसा आणि दुसरी सही.

आधी ठसा. त्याला चेकसम म्हणतात. संगणक पूर्ण फाइल वाचून तिच्यावरून अक्षरं आणि आकडे मिळून ६४ खुणांची एक ओळ काढतो. या पद्धतीचं नाव शा-२५६. फाइल एका पानाची असो की ३ जीबीची, ओळ ६४ खुणांचीच येते. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं, तरी सगळी ओळ बदलते. लिनक्स बनवणारे खऱ्या फाइलचा ठसा साइटवर छापतात. आपण आपल्या फाइलचा काढायचा आणि दोन्ही जुळवायचे. उतरवताना लाइट गेली, नेट तुटलं, फाइल अर्धवट राहिली, तर तेही इथेच कळतं.

आता एक शंका येईल. चोर लिंक बदलू शकतो, तर शेजारी छापलेला ठसाही बदलू शकेल की! बरोबर आहे. म्हणूनच दुसरी खूण लागते, सही.

बँकेत गटाचं खातं उघडताना अध्यक्ष आणि सचिव नमुना सही देतात. पुढे पैसे काढताना बँक कागदावरची सही नमुन्याशी ताडून बघते. इथेही तसंच आहे. लिनक्स बनवणाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्ली फक्त त्यांच्याजवळ राहते, तिने ते ठशांच्या यादीवर सही करतात. दुसरी किल्ली जाहीर असते, ती आपली नमुना सही. जाहीर किल्लीने सही तपासता येते, पण करता येत नाही. शिवाय ही सही त्या एका यादीपुरतीच असते. यादीत एक अक्षर बदललं, तरी सही जुळत नाही.

विंडोजवर सही तपासायला जीपीजी-फोर-विन नावाचा मोफत प्रोग्राम आहे. त्यासाठी साइटवरून ठशांची यादी, तिची सहीची फाइल आणि जाहीर किल्ली घ्यावी लागते. किल्लीलाही स्वतःचा ठसा असतो. तो दुसऱ्या ठिकाणाहूनही मिळवून ताडावा, नाहीतर खोट्या नमुन्याशी खोटी सही जुळायची. "सही चांगली आहे" असं उत्तर आलं आणि खाली "या किल्लीवर विश्वासाची नोंद नाही" असं आलं, तर घाबरू नका. किल्ली तुम्ही अजून आपली म्हणून नोंदवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच किल्लीचा ठसा ताडणं महत्त्वाचं. मात्र "सही खराब" असं आलं, तर तिथेच थांबायचं. गटातल्या कुणाची लेक संगणक शिकत असेल, तर पहिल्या वेळी तिला शेजारी बसवा.

आता पेनड्राइव्ह. ८ जीबीचा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. आयएसओ फाइल नुसती कॉपी केली, तर संगणक त्यावरून सुरू होत नाही. ती खास पद्धतीने चढवावी लागते. विंडोजवर त्यासाठी रुफस हा मोफत प्रोग्राम आहे. तो त्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सुरू करताना विंडोज परवानगी मागतं, तेव्हा प्रकाशक म्हणून "अकेओ कन्सल्टिंग" हे नाव दिसायला हवं. तीही एक तपासलेली सहीच आहे.

रुफसमध्ये आयएसओ फाइल निवडा. शेजारी बरोबरच्या खुणेचं लहान बटण आहे, ते दाबलं की ठसा दिसतो. त्यातली शा-२५६ ची ओळ घ्या. एका ताईने सही तपासलेल्या यादीतली ओळ चार-चार खुणांनी मोठ्याने वाचावी, दुसरीने पडद्यावर बोट ठेवून जुळवावं. असे १६ गठ्ठे होतात. बैठकीत दोघींनी मिळून पैसे मोजतो, तसंच हे. सगळं जुळलं की मगच "स्टार्ट" दाबा. त्याआधी योग्य पेनड्राइव्ह निवडला आहे ना, ते पुन्हा बघा.

मग तो लावून संगणक सुरू करा. सुरू होताना एफ१२, एफ२ किंवा एस्केप अशी कळ दाबावी लागते, ती कंपनीप्रमाणे बदलते. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. प्रिंटर चालतो का, वायफाय लागतं का, मराठी टाइप होतं का, ते बघा. आतल्या डिस्कवर बसवताना "डिस्क पुसा" हा पर्याय निवडला, तर जुनं सगळं जातं. म्हणून हिशेबाची प्रत आधी वेगळ्या ठिकाणी काढून ठेवा आणि ती उघडते का, हेही पाहा.

पुष्कळ ठिकाणी हे काम दुरुस्तीवाला दादा करतो. करू द्या. फक्त तीन गोष्टी विचारा. फाइल कुठून आणली? ठसा जुळवला का? सही तपासली का? "माझ्याकडे तयार पेनड्राइव्ह आहे, सगळीकडे हाच लावतो" असं म्हणाला, तर आपल्यासमोर नवा करायला सांगा. यात त्याच्यावर अविश्वास नाही. आपण सचिवाकडूनही पावती घेतोच की.

आणि ठराव वहीत चार ओळी लिहा. कोणती आवृत्ती बसवली, कोणत्या तारखेला, कुठून घेतली, ठसा आणि सही कोणी जुळवली. दोघींच्या सह्या करा. उद्या पदाधिकारी बदलले, तरी नोंद राहील.

सभासदांनी आपली कागदपत्रं गटाच्या हवाली केली आहेत. ती सांभाळायला या कामात लागणारा अर्धा तास जास्त नाही. येत्या बैठकीत हा विषय घ्या, अडलं तर आपल्या समन्वयक ताईला विचारा.