चष्मा घरी ठेवू नका

बायपासच्या दुसऱ्या रात्री लालबागचे एक आजोबा हातातली सलाईन उपटायला निघाले. "सोडा मला, भोंगा झाला, पहिली पाळी आहे!" गिरणीला टाळं लागून जमाना झाला होता. मुलगा हबकलेला : "सिस्टर, बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला का?" परळच्या हार्ट वॉर्डात हा प्रश्न मी नोकरीभर ऐकला.

हा डिलिरियम. वेड नव्हे, बाहेरचं तर मुळीच नव्हे. भूल, हार्ट-लंग मशीन, दुखणं, जागरण, कधी जंतुसंसर्ग, हे सगळं एकदम आलं की म्हाताऱ्या मेंदूचा ताबा सुटतो. बहुतेक जण काही दिवसांत ताळ्यावर येतात. काहींची स्मरणशक्ती मात्र पुढेही मंदावलेली राहते.

अमेरिकेत येलच्या डॉक्टरांनी 1999 साली सत्तरीपुढच्या 852 रुग्णांचा अभ्यास छापला. ते हार्टचे पेशंट नव्हते, पण उपाय इथेही लागू पडतात : चष्मा, कानाचं मशीन, पाणी, रात्रीची झोप, लवकर चालवणं, आपण कुठे आहोत याची सतत आठवण. एवढ्यानं डिलिरियम 15 टक्क्यांवरून 10 टक्क्यांच्या आत आला. याच परळात, केईएममध्ये, 1968 साली डॉ. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. आणि आम्ही नातेवाइकांना सांगत बसतो, अहो, चष्मा आणा! "हरवेल" म्हणून तो घरी कपाटात असतो. काडीवर नावाची पट्टी चिकटवा आणि आणा. कानाच्या मशीनचे जादा सेलही आणा.

दुसरी लपवाछपवी दारूची. डॉक्टर ऑपरेशनआधी विचारतात, तेव्हा अख्खं घर म्हणतं, "छे, कधीतरी सणासुदीला." रोजची क्वार्टर अचानक तुटली की तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर किडे दिसतात. त्या वेळी उपचार वेगळे लागतात. झोपेची गोळी रोजची असेल तर तीही सांगा. आपल्या मनानं देऊ नका, बंदही करू नका.

भेटीच्या वेळेत वाद घालू नका. "बाबा, मी तुमचा मुलगा, आपण हॉस्पिटलात आहोत, ऑपरेशन झालं," एवढंच, पुन्हा पुन्हा.

आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. मला भीती गप्प पडलेल्यांची. "शांत झोपलेत, झोपू द्या," म्हणून घरचे समाधानी. पण तोही डिलिरियम असू शकतो. मी रविवारपासून उलटे वार विचारायची. काल धडाधड सांगणारा माणूस आज शनिवारवरच अडकला, किंवा बोलता बोलता डोळे मिटू लागला, तर सिस्टरला लगेच सांगा. राउंडची वाट बघू नका.