सुभेदार मास्तर

कराडहून साताऱ्याला रेल्वेने जाताना मसूर स्टेशन लागले, की आम्हा मलकापूरकरांना सुभेदार रामजी मालोजी सकपाळ आठवतात. बाबासाहेबांचे वडील म्हणून त्यांना सारा समाज ओळखतो. पण ते मास्तर होते, हे आपण मुलांना किती सांगतो? लष्करी शाळेत त्यांनी चौदा वर्षे हेडमास्तरकी केली. पलटणीतल्या मुलांना शिकविणाऱ्या या माणसाचा मुलगा साताऱ्याच्या शाळेत मात्र घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे.

निवृत्तीनंतर सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळी कामावर कॅशियर होते. १९०१ साली मुले त्यांना भेटायला निघाली आणि मसूरला उतरली. पत्र सुभेदारांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच गाडीवान येईनात. दुप्पट भाडे मोजून मुलांनी बैलगाडी स्वतः हाकली. रात्रभर पाणी मिळाले नाही.

पुढे मुंबईत, परळच्या चाळीत एकच खोली. सुभेदार भीमरावांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले, की सासरी असलेल्या लेकीचा दागिना मागून आणीत, गहाण टाकीत आणि पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. लेकींचेही हे ऋणच म्हणायचे!

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार गेले. जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले.