पूल वाकावा, पण कोसळू नये

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळच्या नॉर्थरिज परिसराला ६.७ तीव्रतेच्या भूकंपाचा धक्का बसला आणि महामार्गांवरील सात पूल कोसळले. बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे जपानमधील कोबे शहर हादरले. तेथे हानशिन द्रुतगती मार्गाचा सुमारे ६३५ मीटर लांबीचा उन्नत भाग एखादे झाड उन्मळून पडावे तसा एका कुशीवर आडवा झाला. भूकंपशास्त्रात अग्रेसर असलेल्या दोन प्रगत देशांतील हे पूल होते. ते बांधणाऱ्यांनी निष्काळजीपणा केला होता असेही नव्हे. आपापल्या काळातील नियमांप्रमाणेच त्यांची उभारणी झाली होती. मग चूक कोठे होती? या प्रश्नाच्या उत्तरातूनच गेल्या अर्धशतकातील भूकंपरोधक पूलबांधणीचे शास्त्र घडले आहे.

पुलावरील नेहमीचा भार वरून खाली येतो. स्वतःचे वजन आणि वाहनांचे वजन खांबांवाटे पायात उतरते. भूकंपात मात्र जमीनच आडवी हलू लागते. पाया जमिनीबरोबर सरकतो, तर वरचा अवजड रस्ता जडत्वामुळे जागेवर राहू पाहतो. या ओढाताणीचा सारा ताण मधल्या खांबावर येतो. इमारतीत अनेक खांब, तुळया आणि भिंती परस्परांना आधार देत असतात. एक कमकुवत झाला तरी त्याचा भार दुसरा काही प्रमाणात पेलतो. पुलाच्या बाबतीत अशी सोय थोडी. कित्येक उड्डाणपूल तर एकेका खांबावर तोललेले असतात. तो एक खांब गेला की वरचा गाळा गेलाच.

याचा पहिला मोठा धडा कॅलिफोर्नियाने १९७१ मधील सॅन फर्नांडो भूकंपात घेतला. त्यात नुकतेच पूर्ण झालेले आणि काही बांधकाम चालू असलेले पूलही पडले. पाहणीत दोन दोष ठळकपणे समोर आले. पहिला दोष अगदी साधा होता. गाळ्यांची टोके ज्या बैठकीवर टेकलेली होती ती फार अरुंद होती. हादऱ्याने दोन खांब एकमेकांपासून थोडे दूर सरकले, की फळी निसटावी तसा गाळा खाली येत असे. त्यानंतर एक हजाराहून अधिक पुलांच्या सांध्यांत पोलादी दोरखंड बसवून गाळे एकमेकांना बांधण्यात आले, आणि नव्या पुलांच्या बैठका रुंद झाल्या.

दुसरा दोष खांबांच्या पोटात दडलेला होता. काँक्रीट दाब चांगला सोसते, पण ओढले की तडकते. म्हणून त्यात उभ्या सळया घालतात. या सळयांभोवती ठरावीक अंतरावर आडव्या रिंगा बांधलेल्या असतात. त्या काळी या रिंगा बारीक आणि विरळ असत. सुमारे फूटभर अंतरावर एक रिंग पुरेशी मानली जाई. भूकंपात खांब मागेपुढे वाकू लागला, की बाहेरचे काँक्रीट सुटे, विरळ रिंगा उघडत, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला फुगत आणि आतील काँक्रीटचा चुरा होई. त्याच रिंगा जवळजवळ आणि घट्ट बांधल्या, तर आतील काँक्रीट कोंडलेल्या अवस्थेत राहते. त्याला भेगा पडतात, पण ते विखरत नाही, आणि खांब भार पेलत राहतो. पोत्यात घट्ट भरलेले धान्य वजन पेलते, पोते फाटले की ते पसरते, तसाच हा प्रकार.

याच गुणाला अभियंते तन्यता म्हणतात. काचेची कांडी वाकवली तर ताडकन तुटते; लोखंडी तार वाकते, पण तुटत नाही. मोठ्या भूकंपाचा संपूर्ण जोर जराही न वाकता सोसेल असा पूल बांधणे आर्थिकदृष्ट्या अवघडच असते. म्हणून न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉले यांनी १९७०च्या दशकात एक वेगळी विचारसरणी पुढे नेली. नुकसान टाळता येत नसेल, तर ते कोठे व्हावे हे अभियंत्याने आधीच ठरवावे, हे तिचे सार. घरातील विजेचा फ्यूज वितळतो, पण उपकरणे वाचतात. त्याचप्रमाणे खांबाचा वरचा किंवा खालचा ठरावीक भाग वाकून ऊर्जा जिरवेल अशी योजना करायची आणि पाया, सांधे, वरचा रस्ता हे सारे त्याहून बळकट ठेवायचे. खांब अचानक तिरकस चिरला जाण्याची शक्यता तर आधीच मोडून काढायची.

कोबेच्या पडलेल्या मार्गात नेमके याच्या उलट घडले होते. तो १९६०च्या दशकातील नियमांनुसार बांधला होता. पुलाच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश इतका आडवा जोर येईल असे तेव्हा गृहीत धरले होते; प्रत्यक्षात कोबेमध्ये जमिनीच्या हालचालीची नोंद त्याच्या जवळपास चौपट झाली. खांबांतील काही उभ्या सळया काटकसरीसाठी अर्ध्यावरच थांबवल्या होत्या. त्या जेथे थांबल्या, तेथेच खांब फुटले. नॉर्थरिजचा अनुभव मात्र आशादायक होता. पडलेले पूल जुन्या नियमांचे होते. ज्या जुन्या खांबांभोवती तोवर पोलादी जाकिटे चढवून झाली होती, ते गंभीर हानीशिवाय उभे राहिले.

खांब कितीही उत्तम असला, तरी त्याच्या पायाखालची माती विसरून चालत नाही. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियातील लोमा प्रिएटा भूकंपात ६३ माणसे दगावली. त्यांपैकी ४२ जण ओकलंडमधील सायप्रस या दुमजली मार्गाखाली सापडले होते. भूकंपाचे केंद्र तेथून शंभरेक किलोमीटर दूर होते. त्या मार्गाचा जो भाग मऊ गाळाच्या जमिनीवर उभा होता तो कोसळला. घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला. मऊ माती मंद लयीची कंपने वाढवते, आणि ती लय पुलाच्या स्वतःच्या लयीशी जुळली, की झोक्याला योग्य वेळी धक्का मिळावा तसा पूल अधिकाधिक हलू लागतो.

हा जोर खांबापर्यंत पोहोचूच न देण्याचा मार्गही शोधला गेला. न्यूझीलंडच्याच विल्यम रॉबिन्सन यांनी १९७०च्या दशकात रबर आणि पोलादाचे थर एकावर एक रचून त्यांच्या मध्यभागी शिशाची दांडी बसविलेले बेअरिंग तयार केले. रबरामुळे वरचा रस्ता सावकाश हलतो आणि शिसे विरूप होताना हादऱ्याची ऊर्जा उष्णतेत बदलते. मात्र मऊ गाळावर, जेथे जमीनच सावकाश झुलते, तेथे हा उपाय जपूनच वापरावा लागतो. ग्रीसमध्ये २००४ साली खुल्या झालेल्या रिओन-अँटिरिओन पुलाच्या अभियंत्यांनी तर समुद्रतळाच्या मऊ मातीत पोलादी नळ्या ठोकून तिला बळकटी दिली, तिच्यावर खडीचा थर पसरला आणि त्या थरावर ९० मीटर व्यासाचे पाये नुसते टेकवले. मोठ्या भूकंपात हे पाये खडीवर किंचित सरकू शकतात. ही त्रुटी नव्हे, योजनेचाच भाग आहे.

येथे एक प्रश्न उरतो, आणि सामान्य नागरिकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पूल ‘टिकला’ म्हणजे नेमके काय? नियमांच्या भाषेत साधारण पूल कोसळला नाही आणि माणसे वाचली, तर तो टिकला. पण कोबेमध्ये शंभराच्या आसपास खांब पडले नव्हते, केवळ कलते राहिले होते. तरी ते पाडावेच लागले. उभा असूनही वापरता येत नाही असा पूल रुग्णवाहिकेच्या, अग्निशमन दलाच्या काय कामाचा? आपत्तीनंतरच्या पहिल्या काही तासांतच ढिगाऱ्याखालील माणसे वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि नेमक्या त्याच तासांत रस्ता बंद असतो.

म्हणूनच अलीकडच्या संशोधनाचा रोख, वाकल्यानंतर पुन्हा सरळ होणाऱ्या खांबाकडे वळला आहे. अमेरिकेतील नेवाडा विद्यापीठाच्या रीनो येथील प्रयोगशाळेत निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या सळयांवर दीर्घकाळ प्रयोग झाले. साधी पोलादी सळई मर्यादेबाहेर वाकली की वाकडीच राहते; ही सळई मात्र ताण सुटताच मूळ आकाराकडे परतते. तिच्या जोडीला तंतुमिश्रित, लवचिक काँक्रीट वापरले जाते. पुलाच्या लहान प्रतिकृती थरथरणाऱ्या मंचावर ठेवून त्यांना भूकंपांच्या नोंदीबरहुकूम हादरे देण्यात आले. त्यातून हाती आलेले तंत्र २०१७ मध्ये सिएटल शहरातील एका महामार्गाच्या उतारावरील पुलात प्रत्यक्ष वापरले गेले. हा मिश्रधातू पोलादाच्या तुलनेत फार महाग असल्याने तो संपूर्ण खांबात घालत नाहीत, केवळ जेथे खांब वाकणार तेवढ्याच भागात घालतात. जपानमध्ये मिकी येथील २००५ मध्ये सुरू झालेल्या मंचावर तर बाराशे टनांपर्यंतची रचना हलवून पाहता येते. तेथे पुलांचे पूर्ण आकाराचे खांब तपासले गेले आहेत.

भारताला हे शास्त्र परके नाही. २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूज भूकंपात कच्छला सौराष्ट्राशी जोडणाऱ्या सूरजबारी पुलाच्या बेअरिंगांची हानी झाली आणि मदतीच्या मार्गातच अडथळा आला. त्यानंतर २००२ मध्ये भूकंपविषयक भारतीय मानकाची सुधारित आवृत्ती निघाली. तीत किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. १९९३ पूर्वी हा भाग सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. मुंबईही तिसऱ्या विभागात आणि १९६७ चा भूकंप सोसलेला कोयनेचा परिसर त्याहून वरच्या, चौथ्या विभागात धरला गेला. पुलांसाठी मानकाचा स्वतंत्र भाग २०१४ मध्ये, तर भारतीय रस्ते महासभेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये आली. आसामातील बोगीबील पूल आणि जून २०२५ मध्ये खुला झालेला चिनाब नदीवरील रेल्वे पूल हे सर्वाधिक धोक्याचा विभाग गृहीत धरूनच आखले गेले.

तरीही खरी कसोटी नव्या पुलांची नाही. त्यांच्या आराखड्यात हे सारे ज्ञान घालता येते. खरा प्रश्न या नियमांपूर्वी उभ्या राहिलेल्या असंख्य पुलांचा, उड्डाणपुलांचा आणि रेल्वेवरील पादचारी पुलांचा आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. तो पुराने गेला, भूकंपाने नव्हे. पण जुन्या पुलाचे दुखणे बहुधा तो पडल्यावरच कळते, हे त्यातून दिसले. कॅलिफोर्नियाने जे केले त्यात चमत्कार नव्हता. पुलांची यादी केली, कोणता आधी हे ठरवले, बैठका रुंद केल्या आणि खांबांना जाकिटे चढवली. हे काम दिसत नाही आणि त्याचे उद्घाटनही होत नाही. भूकंप कधी होईल हे आजही कोणी सांगू शकत नाही. पण तो झाल्यावर कोणत्या पुलावरून रुग्णवाहिका जायलाच हवी, हे मात्र आजच ठरवता येते.