थेंबाची माघार

कांद्याच्या पातीवर आदळलेला पाण्याचा थेंब आधी पसरतो आणि लगेच मागे सरतो. या दोन्ही हालचाली पापणी लवायच्या आत उरकतात, त्यामुळे दिसतो तो फक्त शेवट : पातीवरून घरंगळून वाफ्यात गेलेला गोल मणी. जुन्नर-आंबेगावातल्या रब्बी कांद्यावर फवारलेल्या औषधापैकी पातीवर किती टिकणार, याचा बराचसा निकाल या माघारीतच लागतो.

थेंब पसरतो तो वेगामुळे. आदळताना त्याची चपटी चकती होते आणि कडेला जाडसर कंगोरा उभा राहतो. पसरताना पाण्याचा पृष्ठभाग वाढतो आणि वेगातली ऊर्जा त्या वाढीत खर्ची पडते. पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन, म्हणजे बहुतेक द्रवांपेक्षा बराच जास्त असतो. वेग संपला की हाच ताण कंगोऱ्याला आत ओढू लागतो.

ही ओढ कुठे अडेल, हे खालच्या पृष्ठभागावर अवलंबून असते. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. त्याचा समतोल थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये मांडला. प्रत्यक्षात मात्र कोन एकच नसतो. कड पुढे सरकण्यासाठी मोठा कोन लागतो, मागे सरण्यासाठी लहान. या दोहोंत जितके अंतर, तितकी कड चिकटून राहते. स्वच्छ काचेवर माघारीचा कोन फार लहान असतो, म्हणून पाणी पसरले तिथेच राहते. कांद्याच्या पातीवर मेणाचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांच्या फटींत हवा अडकते. कडेला धरायला जागाच उरत नाही. चकती पुन्हा गोळा होते आणि उसळते. पात उभी असल्याने राहिलेले थेंबही खाली निसटतात. अळूच्या पानावर हेच अधिक ठळकपणे घडते.

ख्रिस्तोफ क्लाने, दाव्हिद केरे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की, उसळणारा थेंब पृष्ठभागाला किती वेळ टेकून राहतो हे आदळण्याच्या वेगावर जवळजवळ अवलंबून नसते. ते ठरते आकारावर. १ मिलिमीटर त्रिज्येच्या पाण्याच्या थेंबाला सुमारे १० मिलिसेकंद मिळतात. फवाऱ्यातले थेंब याहून बरेच लहान असतात, त्यामुळे त्यांना मिळणारा वेळही कितीतरी कमी. फार बारीक थेंब उसळत नाहीत, पण वाऱ्याने उडून जातात.

औषधात स्टिकर, म्हणजे थेंब पानावर पसरवणारे द्रव्य, मिसळतात ते ही उसळी रोखण्यासाठीच. सिलिकॉनयुक्त स्टिकर पृष्ठताण २० ते २२ मिलिन्यूटनपर्यंत खाली आणतात. पण स्टिकरचे रेणू नव्याने तयार झालेल्या पृष्ठभागावर मिलिसेकंदांत पोचले, तरच त्यांचा उपयोग. संथ रेणूंचा थेंब पानावर अलगद ठेवला तर छान पसरतो, नोझलमधून आदळला की उसळतो. म्हणून पानावर हाताने थेंब ठेवून घेतलेली परीक्षा अपुरी आहे. फवारणी करून पात निरखणे हाच खरा पडताळा. स्टिकर जास्त झाला तर उलट तोटा होतो : औषध पातळ थर होऊन ओघळते. फुलकिडे पातीच्या बेचक्यात दडतात, त्यामुळे थोडे औषध तिथवर उतरणे हिताचे. करप्यासाठी मात्र ते पातीवरच राहायला हवे.

दुसरा मार्ग माघारच मंदावण्याचा. पाण्यात लांब साखळीचे बहुवारिक अगदी थोडे घातले, तर थेंब पहिल्याइतकाच पसरतो, पण कड सावकाश मागे येते आणि उसळी मोडते. फ्रान्समधील संशोधकांनी २००० मध्ये हे सिद्ध केले.

टिकलेला थेंब सुकतानाही आकार बदलतो. नारायणगाव पट्ट्यातल्या द्राक्षमण्यावर थेंबाची कड अडकून राहिली, तर पाणी उडते तसा थेंब चपटा होत जातो आणि स्पर्शकोन घटतो. कडेला बाष्पीभवन जास्त, म्हणून आतले पाणी तिकडे वाहते आणि विरघळलेले औषध कडेला नेऊन ठेवते. उरते ते वर्तुळाकार डाग. शिकागोतील रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे कारण उलगडले. कोन माघारीच्या मर्यादेपर्यंत उतरला की कड सुटते, थेंब आक्रसतो आणि औषध लहानशा ठिपक्यात साचते. दोन्ही प्रकारांत आवरण असमान राहते. स्पर्शजन्य बुरशीनाशकाला हे मानवत नाही, कारण जिथे थर नाही तिथे ते रोग रोखत नाही. आंतरप्रवाही औषध पानात शिरून पसरत असल्याने त्याचे तितके अडत नाही.