पालथा घडा, अळवावरचे पाणी आणि भारहीन अवस्था

उपदेश वाया जाऊ लागला म्हणजे आपण 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणतो आणि क्षणभंगुर गोष्टीस 'अळवावरचे पाणी' म्हणतो. दोहोंतही पाणी हातचे जाते, म्हणून अर्थदृष्ट्या हे दोन प्रयोग सगोत्र वाटतात. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने मात्र त्यांचे कूळ भिन्न आहे. घड्यावरचे पाणी ओघळते ते स्वतःच्या भारामुळे. अळवावरचा थेंब गोल राहतो तो पृष्ठताणामुळे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशयानात यांपैकी पहिले कारण लोपते, दुसरे उरते. तेथे पाण्याचे काय होते हे पाहू जाता आपल्या भाषेविषयीही काही उलगडते.

प्रथम संज्ञेचा गोंधळ दूर केला पाहिजे. या अवस्थेस पुष्कळदा 'शून्यगुरुत्व' म्हटले जाते आणि विद्यार्थी त्यावरून असा समज करून घेतो, की तेथे पृथ्वीचे आकर्षणच पोहोचत नाही. वस्तुतः आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथील गुरुत्वीय त्वरण भूपृष्ठावरील त्वरणाच्या सुमारे ८९ टक्के असते. स्थानक, त्यातील माणसे आणि त्यातील पाणी ही सर्व एकाच त्वरणाने सतत पडत असतात. आडव्या वेगामुळे ती जमिनीवर येत नाहीत, इतकेच. एकाच वेगाने पडणाऱ्यांपैकी कोणी कोणास पेलीत नाही. 'भार' हा शब्द संस्कृत 'भृ' म्हणजे वाहणे, धारण करणे या धातूपासून आला आहे. जेथे धारण करणारे कोणी नाही ती अवस्था भारहीन. माझ्या मते हीच संज्ञा यथार्थ आहे.

आता पाण्याविषयीची आपली क्रियापदे पाहा: ओतणे, सांडणे, गळणे, ठिबकणे, ओघळणे, झिरपणे, तुंबणे. या सर्वांत वर-खाली हा भेद गृहीत धरलेला आहे. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरात हे गृहीतक प्रत्यक्ष पाहावयास मिळते. काठावरच्या बारमाही झऱ्यास लोकांनी 'धार' हेच नाव दिले आहे. पाणी उतरत उतरत तळाच्या सरोवरात जाते, तेथून त्यास वाहून जावयास वाट नाही. ते केवळ बाष्परूपाने निघते आणि क्षार मागे राहतात. सरोवराच्या खारेपणाचे एक मुख्य कारण हे की पाण्यास त्याहून खाली जाता येत नाही.

भारहीन अवस्थेत तळच नाही, मग पातळी कोठून येणार? पृथ्वीवर पृष्ठताण आणि भार यांची बरोबरी पाण्याच्या बाबतीत सुमारे २.७ मिलिमीटर लांबीपाशी होते. म्हणून अळवावरचा लहान थेंब मोत्यासारखा दिसतो आणि मोठा चपटा होतो. तेथे लिंबाएवढे पाणीही गोलच राहते. २०२५ च्या जून-जुलैमध्ये स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला यांनी असा तरंगता गोळा करून दाखविला होता. पालथ्या घड्यास मात्र त्या पाण्याचा हलका स्पर्श झाला, तर ते ओघळणार नाही. मातीस चिकटेल, पसरेल, काही तीत शोषले जाईल. पालथा आणि उताणा हा भेदच तेथे निरर्थक आहे. क्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ मध्ये ओले फडके पिळून दाखविले, तेव्हा पाणी खाली पडले नाही. फडक्याभोवती त्याची नळी झाली आणि ते त्यांच्या हातांवर पसरले. चिकटणे, भिजणे, शोषणे, टिपणे ही क्रियापदे तेवढी तेथे शाबूत राहतात. माठाचे पाझरणे आणि वातीने तेल ओढणे हीही याच वर्गात येतील.

हे केवळ कौतुक नव्हे. १६ जुलै २०१३ रोजी लुका पर्मितानो हे इटालियन अंतराळवीर स्थानकाबाहेर काम करीत असता त्यांच्या पोशाखातील शीतनव्यवस्थेचे पाणी शिरस्त्राणात शिरले. पृथ्वीवर ते मानेवरून खाली उतरले असते. तेथे ते डोक्यास चिकटून पुढे सरकले आणि डोळे, कान व नाक यांवर पसरले. मान हलवून ते झटकले जाईना. एक लिटरहून अधिक पाण्याने माणूस बुडण्याची वेळ आली होती. काम अर्धवट टाकून, जवळजवळ न दिसता, ते सुरक्षा-दोरीच्या आधाराने आत परतले.

ज्या गुणाने हा प्रसंग ओढवला त्याचाच उपयोगही करून घेता येतो. डॉन पेटिट यांनी २००८ मध्ये स्थानकावर एक पेला बनविला. त्याची एक बाजू निमुळत्या कोनात दुमडलेली होती. केशाकर्षणाने पेय त्या कोपऱ्यातून ओठांपर्यंत आपण होऊन येते. पेला कलंडावा लागत नाही. मराठीत त्यास पेला म्हणण्यास हरकत नाही, परंतु त्यात पेय 'ओतले' असे म्हणता येणार नाही. ते त्यात चिकटविले जाते.